चार दिवसांची गाडी

भगवंतराव काळमेघांनी आयुष्यात चारचाकी विकत घेतली नाही. पण चारचाकी घेतल्याचे पेढे मात्र साडेपाच किलो वाटले. हे कसं घडलं ते अमरावतीच्या साईनगरात प्रत्येक जण वेगवेगळं सांगतो, आणि सांगताना प्रत्येक जण हसतो. हसणाऱ्यांत पेढे खाल्लेले सगळे आहेत, म्हणून एकदा खरं काय ते सांगून टाकलेलं बरं.

भगवंतराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी धान्यबाजारातले काटे, सोनारांचे तराजू आणि पेट्रोल पंपाची मापं तपासली. इतकी वर्षं लोकांच्या वजनात खोट शोधल्यावर माणसाची नजर सरळ राहत नाही. घरी अर्धा किलो वांगी आली तरी ते पिशवी आधी हातात झुलवून बघत. "लग्नातलं मंगळसूत्र बी यायनं आदल्या दिवशी दोनदा तोलून घेतलं होतं," असं त्यांच्या पत्नी चंदाबाई नव्या सुनांना सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

अशा माणसाला एकच नाद होता. नोकरीत असताना मेळघाटातल्या आठवडी बाजारांचे दौरे असत. सरकारी जीपमध्ये पुढे साहेब बसायचा आणि मागच्या बाकावर मांडीवर मापांची पेटी घेऊन भगवंतराव. घाटात प्रत्येक वळणावर पेटी पोटात घुसायची. पुढच्या सीटवरून घाट कसा दिसतो, हे त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेताना त्यांनी मनात ठरवून टाकलं, की एक उंच गाडी घ्यायची, तीही घाट चढणारी, आणि पुढे बसायचं. जाहीर मात्र काही केलं नाही. जाहीर केलं की लोक सल्ले देतात.

मार्चअखेर त्यांना फोनवर ती दिसली. ग्रेनविक नावाची विलायती गाडी, नऊ वर्षं जुनी, शेवाळी हिरवी, आणि उंची अशी की आत चढायला पायरी. नवी असताना कुणीतरी हिला पंच्याऐंशी लाख मोजले होते. आता जहीरभाई बारा लाखाला देत होते. घरावर मजला चढवायला म्हणून भगवंतरावांनी नेमके बारा लाखच बाजूला ठेवलेले होते. पंच्याऐंशीची वस्तू बारात मिळत असेल तर मधले त्र्याहत्तर कुठे गेले, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पहिल्या मिनिटाला विचारला असता.

जहीरभाईंचं जुन्या गाड्यांचं आवार अकोल्याला, मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरताना लागतं. माणूस सरळ. भगवंतराव शुक्रवारी सकाळी एकटेच तिथे पोचले आणि त्यांनी टायरपासून टपापर्यंत एवढे प्रश्न विचारले, की जहीरभाईंचा दोनदा चहा निवला.

"साहब, झूठ नहीं बोलूंगा," जहीरभाई शेवटी म्हणाले. "गाडी चांगली आहे, पण हिले पोसाव लागते. आपल्या साध्या गाड्या बकरीवाणी असतात, काहीबी खातात अन् चालतात. हे हत्तीण आहे. पार्ट नागपूरहून येते, नागपुरात नसला तं मुंबईहून, अन् तिथं नसला तं मग विलायतेहून."

"म्हणजे भरवशाची नाही?"

"मी कुठं तसं म्हटलं? चालली तं राणी आहे. तुमी असं करा, चार दिवस घेऊन जा. चालवा, मिस्त्रीले दाखवा, तोला, काय करायचं ते करा. मंगळवारी संध्याकाळी पसंत असली तं पैसे आणा, नसली तं गाडी आणा. बात खतम."

भगवंतरावांनी एकवीस हजार बयाना दिला, चिठ्ठीवर 'चाचणीकरिता, दिवस चार' असं लिहून घेतलं, आपला मोबाईल गाडी चालवताना बंद असतो म्हणून घरचा फोन नंबर दिला, आणि निघाले. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी गाडी चाळीसच्या पुढे नेली नाही. पुढे नेली तेव्हा मात्र त्यांना आपण चाळीस वर्षांचे झालो असं वाटलं. ट्रकवाले वाट देत होते. लोणीच्या वळणावर एका म्हाताऱ्याने आमदार समजून हात जोडले, आणि भगवंतरावांनी चक्क काच खाली करून प्रतिनमस्कार केला.

त्यांनी गाडी घरासमोर थांबवली. फाटकात रांगोळी होती. चंदाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात हळद, कुंकू, निरांजन, झेंडूचा हार, चार लिंबं आणि एक नारळ. मागे अर्धी गल्ली. शेजारचे डोमाजी गावंडे तर इस्त्रीची टोपी घालून आले होते.

"अगं, थांब, हे..." भगवंतराव पायरीवरून उतरता उतरता म्हणाले.

"आधी उतरू नका. पूजा होऊ द्या," चंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बॉनेटवर वीतभर स्वस्तिक काढलं. हार चढला. चाकांखाली लिंबं गेली. नारळ पुढच्या बंपरावर असा फुटला की पाण्याचे शिंतोडे डोमाजींच्या टोपीवर उडाले.

भगवंतराव पुन्हा तोंड उघडणार, तोच चंदाबाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "एकतीस वर्षांत पयल्यांदा तुमी खोट न काढता काही घेतलं. मले लय बरं वाटून राह्यलं." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. ज्या बाईने मंगळसूत्राचं वजन निमूट ऐकून घेतलं, तिच्या डोळ्यात आज आनंदाचं पाणी आणि आपल्या खिशात 'चाचणीकरिता'ची चिठ्ठी, हे पाहून भगवंतरावांनी ती चिठ्ठी खिशात आणखी खोल सारली. ते एवढंच म्हणाले, "पेढे आणतो."

इथेच सगळं बिघडलं. वऱ्हाडात सोयरीक मोडता येते, निवडणुकीतला उमेदवार मागे घेता येतो, पण दारात पूजा झालेली गाडी परत केली असं कुणी ऐकलेलं नाही.

शनिवारी सकाळी डोमाजींनी फाटकावर थाप मारली. "सायेब, तुमची गाडी बसली."

भगवंतराव बाहेर आले. काल जिच्यात पायरीने चढावं लागत होतं ती गाडी आता अंगणात पोट टेकून बसलेली. चाकं निम्मी अंगात शिरलेली. लिंबांचं काय झालं असेल ते विचारायला नको.

डोमाजी एसटीत सव्वीस वर्षं चालक होते, आणि त्यामुळे जगातल्या सगळ्या वाहनांबद्दल बोलायचा अधिकार आपल्याकडे आहे असं ते मानत. त्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. "स्प्रिंगच नाही हिले. फुगे हायेत हवेचे. फुग्यावर कोणी गाडी उभी करते काय? आमच्या एसटीले पाटे असत, पाटे! सत्तर माणसं अन् टपावर बोकडं, पण गाडी कधी बसली नाही."

"ती सुरू केली की उठते," भगवंतराव म्हणाले. त्यांनी बटण दाबलं. आतून घरघर झाली, गाडीने एक सुस्कारा टाकला आणि पहिल्यांदा मागून, मग पुढून, अशी ती उठली. समोरच्या घरातल्या माणिकबाई तांदूळ निवडत पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "गाय उठते बाई तशीच."

भगवंतरावांना हे लागलं. पण मनातल्या तराजूत एका पारड्यात भरवसा आणि दुसऱ्यात खर्च घालून बघायला त्यांनी त्याच दिवशी सुरुवात केली. नागपूरच्या एका वर्कशॉपला फोन केला. तिथल्या पायल नावाच्या मुलीचा आवाज इतका गोड होता, की तिने सांगितलेला आकडा कळायला क्षणभर उशीर लागला. एका चाकाचा हवेचा फुगा अडुसष्ट हजार. "चारही बदललेले बरे असतात, सर. आणि हवा भरायचा पंप वेगळा." टायर एक बत्तीस हजाराचा. तेल बदलायचं ते तुमच्या-आमच्यासारखं पंपावर नाही, त्याचा डबा वेगळा. भगवंतरावांनी फोन ठेवला आणि खर्चाचं पारडं जमिनीला टेकल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतले तिघे अभिनंदन करायला आले, आणि आणखी पाव किलो पेढे गेले.

संध्याकाळी वरूडहून फोन. जानराव. हे भगवंतरावांचे साडभाऊ, म्हणजे चंदाबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, संत्र्यांचे व्यापारी. पंधरा वर्षांपूर्वी भगवंतरावांनी त्यांचा काटा पकडला होता. पन्नास किलोमागे सव्वा किलोची खोट. जानरावांनी ते मनातून काढलं नव्हतं, आणि भगवंतरावांनीही.

"अभिनंदन, साडभाऊ! आपल्या पोराचं, अंकुरचं लग्न हाये बारा तारखेले. नवरदेव तुमच्याच गाडीत बसन. मी मांडवात सगळ्यायले सांगून टाकलं."

"अहो, पण अजून..."

"पण-बिण काही नाही. उद्या रविवारी मी येऊन राह्यलो. चिखलदऱ्याले जाऊ. पाहू तं द्या इंग्रजाची गाडी घाट कशी चढते!"

आता हा क्षण खरं बोलायचा होता, हे कुणीही सांगेल. भगवंतरावांनीही दुसऱ्याला तेच सांगितलं असतं. पण ज्याचा काटा आपण पकडला त्याच्यासमोर 'गाडी आपली नाही, पेढे फुकट गेले' असं म्हणायचं म्हणजे आपणच वजनात खोटे ठरायचं. ते "बरं" म्हणाले.

रविवारी गाडीत पुढे भगवंतराव आणि जानराव, मागे चंदाबाई आणि डोमाजी. डोमाजींना कुणी बोलावलं नव्हतं; ते 'रस्ता माहीत हाये' म्हणून बसले. अमरावतीहून परतवाड्याला जाणारा रस्ता सरळसोट आहे, आणि तो माहीत नसलेला माणूस या भागात जन्माला यायचाय. गाडीच्या मधोमध एक गोल खटका होता, त्यावर चित्रं काढलेली: वाळू, चिखल, दगड आणि बर्फ. भगवंतरावांनी सगळ्यांना बजावलं, "याला हात लावायचा नाही."

आसेगावच्या पुढे डोमाजींनी मागून हात लांब करून तो फिरवला. "मी पाहून राह्यलो होतो फक्त," असं ते नंतर दिवसभर सांगत होते. खटका बर्फावर गेला आणि तिथेच अडकला. बाहेर एप्रिल महिना, पारा त्रेचाळीसवर, रस्त्याकडेच्या निंबाखाली म्हशी जिभा काढून उभ्या, आणि गाडीला वाटतंय आपण हिमालयात आहोत. काचेसमोर पिवळे दिवे लागले. गाडी पाय घसरेल म्हणून जपून चालावं तशी चालू लागली. एक सायकलवाला मागून आला, शेजारून वाकून आत पाहून गेला.

"साडभाऊ, याच्यापेक्षा माहं ट्रॅक्टर बरं," जानराव म्हणाले.

परतवाड्याला बसस्थानकासमोर, मेळघाटात जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपगाड्यांच्या अगदी मधोमध, गाडीने एक लांब सुस्कारा टाकला आणि ती बसली. दुपारचे बारा. पाच मिनिटांत दोनशे माणसं. भज्यांची गाडी जागा बदलून जवळ आली. जो तो एक सल्ला देत होता. बॅटरीची वायर काढा. चाकातली हवा कमी करा. एकाने दृष्ट काढायला सांगितलं, आणि चंदाबाई खरंच मीठमोहऱ्या आणायला निघाल्या होत्या.

गोपाल नावाच्या जीपवाल्याने शेवटी दोर बांधला. त्याची जीप वीस वर्षं जुनी, दार सुतळीने बांधलेलं, आत अकरा माणसं बसलेली. ती अकरा माणसं न उतरवता त्याने अडीच टनांची ग्रेनविक ओढत मिस्त्रीच्या दारात नेली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "राहू द्या सायेब, तुमाले आधीच लय खर्च हाये." आयुष्यात भगवंतरावांवर कुणी दया केली नव्हती. ती परतवाड्याच्या भर चौकात झाली. ज्या सीटवरून त्यांना चिखलदऱ्याचा घाट पाहायचा होता, त्या सीटवरून त्यांनी काळ्यापिवळीच्या मागच्या दारातून लोंबकळणारे दोन पाय पाहिले.

जानराव बसने वरूडला गेले. जाताना म्हणाले, "गाडी चांगली हाये हो. चालवणारा लागते."

मिस्त्रीने काय केलं देव जाणे, पण सहा वाजता गाडी उठली. परतीच्या वाटेवर डोमाजी झोपले. चंदाबाई मागून अचानक हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "काय झालं?" भगवंतरावांनी विचारलं. "बर्फ!" एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. बायको अशी शेवटची कधी हसली होती ते भगवंतरावांना आठवेना. घरी जाऊन आज सांगूनच टाकायचं असं त्यांनी ठरवलेलं होतं. ते राहून गेलं.

सोमवारी ते आरटीओ कार्यालयात गेले. गाडी हरियाणातली होती. महाराष्ट्रात नावावर करायला कर किती, एवढाच आकडा त्यांना हवा होता. उगाच नव्हे, मनात अजून लालूच होती. खिडकीतला माणूस नियमाला धरून चालणारा, म्हणजे भगवंतरावांच्याच जातकुळीचा. तो म्हणाला, "सांगतो. चेसिस नंबरचा पेन्सिलीचा छाप आणा."

"मला फक्त आकडा हवा आहे. गाडी घ्यायची की नाही ते ठरायचंय."

"हार तर घातलेला दिसतो," खिडकीतल्या माणसाने बाहेर बघून म्हटलं. "छाप आणा, सर."

छाप घ्यायचा म्हणजे चेसिसवर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासायची. आकडे चाकाच्या मागे, आतल्या अंगाला. भगवंतराव पांढऱ्या लेंगा-सदऱ्यात कागद-पेन्सिल घेऊन कंबरेपर्यंत गाडीखाली शिरले. सात आकडे उमटले होते. तेवढ्यात डोक्यावरून तो ओळखीचा सुस्कारा ऐकू आला.

दोन एजंटांनी त्यांना पायांना धरून बाहेर ओढलं. चप्पल आत राहिली, सदरा काळा झाला, आणि कागदाचा अर्धा तुकडा हातात. गाडी शांतपणे बसली. एजंट म्हणाला, "काका, आता छाप कसा घेता?" भगवंतराव उठले, एका पायाने उभं राहून त्यांनी गाडीकडे पाहिलं, आणि तिला उद्देशून एक शब्द वापरला, जो त्यांनी कमी तोलणाऱ्या व्यापाऱ्यांनाही कधी वापरला नव्हता. मंगळवारी गाडी परत जाणार, हे त्या चप्पलेपाशी पक्कं झालं.

राहिला प्रश्न घरी काय सांगायचं. मंगळवारी सकाळी ते म्हणाले, "सर्व्हिसिंगला अकोल्याला नेतो."

"मी बी येते," चंदाबाई म्हणाल्या.

"तुला काय करायचंय तिथं? उन्हाचं?"

"गाडी थंड हाये ना. येते."

आणि त्या दिवशी ती गाडी अशी चालली! बडनेरा कधी गेलं कळलं नाही. ना दिवा, ना घरघर, ना सुस्कारा. बोरगाव मंजूपाशी भगवंतरावांनी एका हाताने चाक धरलं, काचेतून दूरवर रस्ता मऊ पसरलेला, शेजारच्या सीटवर चंदाबाई पदर सावरून ऐटीत बसलेल्या. परत करायला नेतोय म्हणून शहाण्यासारखी वागतेय, हे त्यांना कळत होतं. तरी पारडी पुन्हा हलायला लागली होती. म्हणून त्यांनी गाडीत लागलेलं गाणं बंद केलं आणि पायलने सांगितलेले आकडे मनात म्हणत राहिले.

साडेचारला ते जहीरभाईंच्या आवारात पोचले. जहीरभाई हसत आले, बॉनेटवरचं स्वस्तिक पाहिलं आणि हसू मावळलं.

"साहब, हे काय?"

"गाडी परत," भगवंतराव मान खाली घालून, चंदाबाईंना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू म्हणाले. "पसंत नाही पडली. तुमच्या बोलीप्रमाणे."

"बोली पक्की आहे. पण पूजा झालेली गाडी मी कशी घेऊ? हार आहे, कुंकू आहे, बंपरले नारळाचा दाग आहे. उद्या गिऱ्हाईक येते, विचारते, पूजा करून परत काहून केली? घरात काही वाईट झालं का? मी काय सांगू? बारा काय, सहाले कोणी घेणार नाही. अब्बांचा उसूल होता, देवाले दाखवलेली चीज परत घ्यायची नाही."

"मग पुसून टाका!"

"मी?" जहीरभाईंनी दोन्ही कानांना हात लावला. "मी कुंकू पुसू? साहब, धंदा करायचा आहे मले या गावात."

भगवंतरावांचा तोल गेला. बारा लाख, फुगे, परतवाडा, चप्पल, सगळं एकदम वर आलं. "अहो, पण मी नाही केली पूजा! मी तोंड उघडायच्या आत झाली!"

"तेच तं मले समजून नाही राह्यलं," जहीरभाई चंदाबाईंकडे वळले. "भाभीजी, मी तं त्याच दिवशी दुपारी तुमाले फोन केला होता. साहब पोचले का म्हणून. तवाच सांगितलं होतं ना, गाडी चार दिवसांच्या ट्रायलची आहे?"

आवारात काम करणारा उसामा मिस्त्री पाना हातात धरून थांबला. भगवंतराव सावकाश बायकोकडे वळले. चंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"अन् तरी नारळ फोडला?"

"म्हणूनच फोडला," चंदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर सोडला आणि मान वर केली. "मले ठाऊक होतं ना काय होणार ते. चार दिवस तुमी तोलत बसणार, खोट काढणार अन् परत नेऊन देणार. फ्रीजच्या वेळी तेच केलं, काश्मीरच्या तिकिटायच्या वेळी तेच केलं. गाडी पायजे म्हणून तुमी झोपेत बोलता, माहीत हाये का? घाट, घाट म्हणता. म्हटलं, यावेळी यायनं खोट काढायच्या आत देवाच्या हवाली करून टाकू. मंग कुठं जातात?"

भगवंतरावांना राग यायला हवा होता. तो आलाही, पण अर्ध्यावर थांबला. ज्या बाईच्या आनंदासाठी आपण चार दिवस धिंडवडे सोसले, ती बाई आपल्याच आनंदासाठी तेच सोसत होती. या दोघांत पेढ्यांचे पैसे मात्र खरे गेले.

"चंदा," ते म्हणाले, आणि बाहेरच्या माणसांसमोर त्यांनी तिला नुसत्या नावाने हाक मारायची ही पहिली वेळ. "मले ही गाडी लय आवडली. खोट आहे म्हणून नाही परत देऊन राहिलो. आपल्याच्यानं हिचं पोसणं होत नाही. एक फुगा अडुसष्ट हजाराचा आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत कमावलेली शुद्ध भाषा त्या चार वाक्यांत कुठे गेली ते त्यांनाही कळलं नाही.

"बस?" चंदाबाई म्हणाल्या. "एवढंच बोलायले चार दिवस लावले? शुक्रवारीच म्हटलं असतं तं मी डोमाजीले मधात बसू दिलं असतं का?"

प्रश्न मात्र तसाच होता. गाडी पुजलेली होती आणि जहीरभाई हात लावायला तयार नव्हते. चंदाबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग त्यांनी विचारलं, "जहीरभाऊ, घरात तांदूळ हायेत का मूठभर?"

आवाराच्या मागेच घर. जहीरभाईंच्या पत्नी अकीला यांनी वाटी भरून दिली, बिर्याणीचा लांब दाण्याचा तांदूळ. कुंकवाची डबी चंदाबाईंच्या पिशवीत होतीच. त्यांनी अक्षता केल्या.

"कायले, भाभीजी?"

"बसवलेल्या देवाले आपण पाठवतोच ना? उत्तरपूजा करतो, अक्षता टाकतो अन् मूर्ती जागची जराशी हलवतो. मंग देव मोकळा अन् आपण मोकळे. हिची बी करू. मंग कोणी इचारलं तं सांगा, रीतसर निरोप देऊन पाठवली."

जहीरभाईंनी क्षणभर विचार केला. "हे चालते," ते म्हणाले. "हे कायद्यात बसते."

अक्षता पडल्या. भगवंतरावांनी हात जोडले. आता मूर्ती हलवायची. उसामाने बटण दाबायला हात आत घातला आणि नेमकं तेव्हाच, इतका वेळ शहाण्यासारखी वागलेली ग्रेनविक सुस्कारा टाकून बसली. बटणाला दाद देईना.

"ढकला," चंदाबाई म्हणाल्या. "जराशी हलली तरी होते."

अडीच टन. जहीरभाई, उसामा, भगवंतराव आणि आवारातले आणखी तिघे मागे लागले. भगवंतरावांनी आधी खडू मागून चाकापाशी जमिनीवर रेघ मारली; हलली की नाही याचा वाद त्यांना नको होता. "या अल्लाह!" जहीरभाई म्हणाले. "हे मायबाई!" चंदाबाई म्हणाल्या. गाडी कुरकुरली आणि हलली. भगवंतराव गुडघ्यावर बसले, त्यांनी रेघेपासून अंतर मोजलं आणि उठून जाहीर केलं, "दोन बोटं."

उसामाच्या मोहल्ल्याशेजारी गणपतीचा मांडव असतो आणि मिरवणुकीत ट्रॅक्टर दरवर्षी तोच चालवतो. अक्षता आणि हलवणं पाहून त्याच्या तोंडून सवयीने निघालं, "पुढच्या वर्षी लवकर..."

"अरे ए!" भगवंतराव एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या छपरावरची कबुतरं उडाली. "तेवढं नको म्हणू, बापा! बाकी काही म्हण!"

जहीरभाईंनी बयाना परत दिला. त्यातून पेट्रोलपाण्याचं काही कापा म्हटलं तर कापलं नाही. चंदाबाई हसत हसत फाटकाबाहेर पडल्या आणि बसस्थानकाला जायला रिक्षा शोधू लागल्या. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवून भगवंतराव त्यांच्या मागे निघाले, आणि मोर्णेच्या पुलावर पोचेपर्यंत तीनदा वळले.